काब द राम वळून जाताना: बेतूल ते पाळोळे, छोट्या बोटीने

दक्षिण गोव्यातल्या बेतूलहून दक्षिणेकडे पाहिलं की काब द रामचं टोक, म्हणजे समुद्रात घुसलेलं भूशिर, फार लांब वाटत नाही. साळ नदीच्या मुखापासून टोकापर्यंत साधारण 3 ते 4 सागरी मैल, तिथून पाळोळेपर्यंत आणखी 7 ते 8. एक सागरी मैल म्हणजे 1.85 किलोमीटर. आउटबोर्ड इंजिनाची फायबरची बोट निवांत चालवली तरी दीड-दोन तासांत पोचते. म्हणून पहिली बोट घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण हाच बेत करतो: सकाळी निघू, पाळोळ्याला मासळीचं जेवण जेवू, संध्याकाळी परत.

सकाळचा भाग ठीक आहे. गडबड आहे ती 'संध्याकाळी परत' मध्ये. कोरड्या मोसमात इथला दुपारचा वारा वायव्येकडून येतो. जाताना तो नसतो, आणि असलाच तर पाठीवर असतो, त्यामुळे समुद्र सोपा वाटतो. परतताना तोच वारा आणि त्याने उठवलेल्या लाटा थेट नाळेवर, म्हणजे बोटीच्या तोंडावर, येतात, तेही टोकाजवळ, जिथे आसऱ्याला जागा नाही. म्हणून या प्रवासाची आखणी परतीपासून सुरू करायची. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

हे मार्गदर्शन 6-7 मीटरच्या उघड्या बोटीतून, चार-पाच जण, स्वतःच्या हौसेने जाणाऱ्यांसाठी आहे. पैसे घेऊन प्रवासी नेणार असाल तर परवान्यांचं प्रकरण वेगळं. कयाकवाल्यांनी वारा आणि भरतीचा भाग जरूर वाचावा, पण टोक एकट्याने वळायला जाऊ नये.

1. आधी महिना ठरवा

जून ते सप्टेंबर हा विषयच नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीवर बंदी असते, पण बंदी उठली म्हणजे समुद्र निवळला असं होत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्या शांत होतो, ही श्रद्धा म्हणून छान आहे. छोट्या बोटीचं वेळापत्रक तिच्यावर बसवू नका. ऑगस्टमध्ये मोठे ट्रॉलर बाहेर पडतात म्हणून आपणही पडावं असं नाही. त्यांचं वजन, त्यांचं इंजिन आणि त्यांचा तांडेल (बोटीचा अनुभवी प्रमुख) आपल्याकडे नसतो.

ऑक्टोबरमध्ये आकाश निळं असतं, पण अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा दुसरा हंगाम तेव्हाच सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. वादळ गोव्यावर यावं लागतच नाही. डिसेंबर 2017 मध्ये ओखी शेकडो किलोमीटर लांबून गेलं, तरी गोव्याच्या किनाऱ्यांवर पाणी शॅकमध्ये घुसलं. तेव्हा अरबी समुद्रात कुठेही कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी असेल, तर तो आठवडा सोडून द्या.

माझ्या मते पहिल्या प्रवासासाठी डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ बरा. मार्चपासून दुपारचा वारा तापत जातो, एप्रिल-मेमध्ये दक्षिण महासागरातून आलेल्या लांब लाटाही अधूनमधून पोचतात, आणि मे हा पुन्हा वादळांचा महिना. तौक्ते 2021 च्या मे महिन्यातच गोव्याजवळून गेलं होतं.

2. वारा आणि लाट वेगवेगळी वाचा

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. परीक्षेनंतर त्यांचा उपयोग होतो तो इथे. रात्रभर आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो. जमीन तापली की तो पडतो, मध्ये थोडा वेळ वारा जवळजवळ नसतोच, आणि मग अकरा-बाराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. दोन ते पाच हा त्याचा जोराचा वेळ. सूर्यास्तानंतर तो उतरतो, पण त्याने उठवलेल्या लाटा लगेच बसत नाहीत.

यावरून सरळ नियम: टोक सकाळी दहाच्या आत मागे पडलं पाहिजे. थंडीत गोव्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे हातात तीन तास असतात. पुरेसे आहेत, पण ढिलाईला जागा नाही.

मतलईची एक खोड नवख्यांना फसवते. तो जमिनीकडून येत असल्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी तो अगदी सपाट करून ठेवतो. जेट्टीवरून पाहिलं तर तळं वाटावं असं. पण लांबून आलेली लाट त्या सपाट पाण्याखालून चालतच असते. ती किनाऱ्याजवळ दिसत नाही, खडकावर आणि नदीच्या मुखाशी साचलेल्या वाळूच्या पट्टीवर, म्हणजे बारवर, दिसते. आणि याच वाऱ्यात इंजिन बंद पडलं तर बोट किनाऱ्याकडे नाही, खोल समुद्राकडे वाहत जाते.

लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेकडून मिळतो. वेबसाइट आहे, 'समुद्र' नावाचं ॲपही आहे. त्यात चार गोष्टी पाहायच्या: लाटेची उंची, लाटेचा कालावधी (दोन लाटांमधले सेकंद), लाटेची दिशा आणि वारा. हवामान खात्याचा मच्छिमारांसाठीचा इशारा वेगळा पाहायचा.

दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या लाटेची नसते. ती मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अंदाजात 1 मीटर लिहिलं असेल तर एखादी लाट त्याच्या दुप्पटीच्या जवळ जाऊ शकते. आणि नुसत्या उंचीवर जाऊ नका. 5 सेकंदांची 1 मीटर लाट त्रासदायक असते, बोट आपटते, कंबर धरते. 13-14 सेकंदांची 1 मीटर लाट खोल पाण्यात जाणवतही नाही, पण तीच उथळ बारवर आली की उभी राहते आणि फुटते. थंडीत तिकडे अरबस्तानात 'शमाल' वारे सुटले की त्यांच्या लाटा इथपर्यंत येतात, वायव्येकडूनच. इथे पान हलत नसतानाही. काब द रामचं टोक नेमकं तिकडे तोंड करून उभं आहे.

पहिल्या वेळेसाठी मी धरतो ती मर्यादा: लाट 1 मीटरच्या आत, कालावधी 10 सेकंदांच्या आत, सकाळचा वारा 10 नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आत. यातलं एक जरी वर गेलं तरी तारीख पुढे ढकला. लोकांना हे घाबरटपणाचं वाटतं. वाटू द्या.

3. भरतीची वेळ आणि साळीचा बार

खरं सांगायचं तर या प्रवासात बोटी टोकापेक्षा नदीच्या मुखाशी जास्त अडचणीत येतात. साळ नदी मोबोर आणि बेतूलच्या मधून समुद्राला मिळते, आणि मुखाशी वाळूची पट्टी साचते. तिलाच सगळे बार म्हणतात. दर पावसाळ्यात ही वाळू जागा बदलते. म्हणजे नकाशावरची खोली जुनी, मागच्या वर्षीची वाट जुनी, मित्राने पाठवलेली जीपीएसची रेघही जुनी.

बार धोक्याचा कधी होतो? ओहोटीला, म्हणजे सुकतीला, नदीचं पाणी समुद्राकडे धावतं आणि समोरून लाट आत येत असते. दोघांची टक्कर झाली की लाट आखूड आणि उभी होते. त्यात सुकतीमुळे खोलीही कमी. लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोलीत आली की फुटते. बारवर दीड-दोन मीटर पाणी उरलं असेल तर तुमच्या 'फक्त सव्वा मीटर' लाटेलाही फुटायला ते पुरतं. जोराची सुकती आणि दुपारचा वायव्य वारा एकत्र आले की छोट्या बोटीने बारकडे फिरकू नये.

म्हणून बार भरतीच्या शेवटच्या दोन तासांत ओलांडायचा. पाणी आत येत असतं, लाटेच्याच दिशेने, आणि खोली वाढत असते. बोट वाळूवर टेकली तरी चढतं पाणी तिला उचलतं. सुकतीला टेकली तर पुढचे कित्येक तास तिथेच, लाटा खात.

वेळा मुरगावच्या भरतीच्या तक्त्यावरून घ्या. बेतूलला फरक थोड्या मिनिटांचाच पडतो. पूर्ण भरती झाली की मुखातला प्रवाह त्याच क्षणी उलटतो असंही नाही. थोडा वेळ तो रेंगाळतो, म्हणून तक्त्यातल्या मिनिटावर घड्याळ लावून बसू नका, पाण्याकडे पाहा. तरंगता पाला कुठे चालला आहे ते पाहिलं की कळतं.

तारीख निवडताना भिंतीवरचं कालनिर्णय कामाला येतं. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. मुरगावला भरती मुंबईच्या आधी, साधारण तासभर आधी येते. एकादशी घ्या: अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, सव्वाआठ. त्यातून तास वजा करा, सव्वासात. म्हणजे नवमी ते द्वादशीच्या दिवसांत पूर्ण भरती सूर्योदयाच्या अलीकडे-पलीकडे पडते. शिवाय ते दिवस भांगाचे, पाण्याची चढउतार कमी, प्रवाह मऊ. पौर्णिमा-अमावास्येला उलट: उधाणाचं पाणी, पहाटे ओहोटी, आणि पूर्ण भरती होईपर्यंत दहा-साडेदहा वाजलेले, म्हणजे टोकावर पोचायला उशीर. हा हिशेब फक्त आठवडा निवडण्यासाठी. दिवस आणि तास पक्का करायला तक्ताच हवा, कारण गोव्यात दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात आणि भांगाच्या दिवसांत वेळा आणखीच इकडेतिकडे होतात.

आदल्या दिवशी बेतूल किंवा कुटबणच्या जेट्टीवर एक चक्कर मारा. तिथल्या खारव्यांना (मच्छिमारांना) विचारायचं: "आयज बार कसो आसा?" आणि बोटी कुठल्या बाजूने बाहेर पडतात ते डोळ्यांनी पाहायचं. "आम्ही जाऊ का?" असं विचारू नका. समोरचा माणूस सभ्यतेपोटी "वचात" (जा) म्हणेल. "तुमच्या पोराला या बोटीतून उद्या पाठवाल का?" असं विचारा. उत्तराआधी तो जितका वेळ थांबेल त्यावरून बरंच समजतं.

4. मार्ग कागदावर काढा

गूगलच्या नकाशावर समुद्र नुसता निळा असतो. खोली, बुडालेले खडक काहीच नाही. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा नकाशा किंवा समुद्राच्या नकाशांचं एखादं चांगलं ॲप वापरा. मी इथे मुद्दामच अक्षांश-रेखांश देत नाही. ते स्वतः नकाशावरून काढले तरच टोकाजवळ गेल्यावर समोर काय दिसायला हवं ते डोक्यात बसतं.

मार्ग तीन तुकड्यांत पाहा.

पहिला तुकडा, बार ते टोक. बारमधून बाहेर पडल्यावर लगेच डावीकडे, दक्षिणेला वळू नका. फुटणाऱ्या पाण्याच्या बाहेर बरंच पश्चिमेला जा आणि मग वळा. या पट्ट्यात काणगिणीचा छोटा किनारा आहे. समुद्र शांत असेल तर अडीअडचणीला उतरता येईल, पण त्याच्या भरवशावर निघायचं नाही. इथेच 'परत फिरण्याची रेघ' ठरवा: टोकाच्या साधारण मैलभर अलीकडे. तिथे पोचल्यावर लाट, वारा, इंजिन, माणसं, चारही ठीक असतील तरच पुढे. एक जरी बिघडलं असेल तर तिथून बेतूलला परत. ही रेघ घरी ठरवायची असते. बोटीत ठरवायला गेलात तर मतदान सुरू होतं.

दुसरा तुकडा, खुद्द टोक. सुमारे एक सागरी मैल अंतर ठेवून वळसा घालायचा. लाट अंदाजापेक्षा मोठी निघाली तर आणखी बाहेरून.

तिसरा, टोक ते पाळोळे. किनारा आग्नेयेकडे वळतो. खोल्याचा किनारा, मग आगोंदची लांब पुळण, मग पाळोळे. मध्ये मध्ये कडे आणि खडप, म्हणजे पाण्यातले खडक. आगोंद आसऱ्याची जागा म्हणून लक्षात ठेवा, पण ती उघडी पुळण आहे, किनाऱ्यावर लाट फुटते. बोट लावण्यापेक्षा बाहेर नांगर टाकून थांबणं बरं. आगोंद आणि पुढे गालजीबाग इथे समुद्री कासवं अंडी घालतात. वनखात्याने दोऱ्या लावून राखलेल्या जागेत बोट ओढायची नाही.

5. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रांचं लवकर आटपतो. बोटीची नोंदणी (मासेमारीची असेल तर मत्स्योद्योग खात्याची, नसेल तर पणजीच्या बंदर कप्तान खात्याची), विमा, प्रत्येकाचं ओळखपत्र, बोटीतल्या माणसांची यादी. सगळं एका जलरोधक पिशवीत, फोटो फोनमध्ये. 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर तटरक्षक दल आणि किनारी पोलीस समुद्रात बोटी तपासतात. थांबा म्हटलं की थांबा, कागद दाखवा, दोन मिनिटांचं काम असतं. निघताना बेतूलच्या किनारी पोलिसांना सांगून ठेवलंत तर उत्तम. व्हीएचएफ रेडिओ (समुद्रात बोटींशी आणि तटरक्षक दलाशी बोलायचा) ठेवणार असाल तर त्याला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो.

सामान:

- प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट, अंगात घातलेलं. बाकाखाली बांधून ठेवलेलं जॅकेट हे सामान झालं, सुरक्षा नाही.
- इंजिन बंद करणारी लाल दोरी, चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पायाला. तो पडला तर बोट थांबली पाहिजे, गोल फिरून त्याच्यावर येता कामा नये.
- हातातला व्हीएचएफ, चॅनेल 16 (संकटात हाक मारायचा) लावून. कड्यांच्या खाली मोबाईलवर विसंबू नका.
- नांगर आणि भरपूर दोर, निदान 40-50 मीटर, टोकाला थोडी साखळी. इंजिन बंद पडलं तर खडकापासून तुम्हाला दूर ठेवणारी एकच गोष्ट हीच.
- होकायंत्र, जीपीएस, पॉवर बँक, शिट्टी, टॉर्च, संकटात पेटवायचे फ्लेअर.
- दोन वल्ही, पाणी उपसायला बादली, धारदार सुरी.
- स्पार्क प्लग, प्रोपेलरची पिन, इंधनाची नळी, पक्कड, पाने.
- माणशी तीन लिटर पाणी, सुकं खाणं, ओआरएस, प्रथमोपचार.

सुरीबद्दल दोन शब्द जास्त. पहाटे या पट्ट्यात जाळी टाकलेली असतात. खुणेला कधी बांबूवर काळं फडकं असतं, कधी नुसता प्लास्टिकचा कॅन, आणि तिरप्या उन्हात तो कॅन अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. एक माणूस पुढे बसवून त्याला फक्त हेच काम द्या. जाळं प्रोपेलरमध्ये गेलंच तर आधी इंजिन बंद, मग ते वर उचला. दुसऱ्याचं जाळं कापणं हा शेवटचा उपाय. कापावंच लागलं तर जेट्टीवर जाऊन सांगा. कोणाचं तरी महिन्याचं उत्पन्न असतं ते.

इंधनाचा हिशेब तिसऱ्या हिश्श्याचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिल्लक. समजा तुमची बोट 8 नॉटने चालते आणि तासाला 10 लिटर खाते. 12 मैलांना दीड तास, म्हणजे 15 लिटर. मग टाकीत आणि कॅनमध्ये मिळून 45 लिटर हवेत. परतीला समोरून लाट असेल तर त्याच अंतराला इंधन बरंच जास्त जातं, तेव्हा शिल्लक हिस्सा चैनीचा समजू नका. तासाला किती जातं हे कंपनीच्या कागदावरून घेऊ नका. माणसं आणि सामान भरून नदीत एक तास चालवा आणि मोजा.

6. किनाऱ्यावर एक माणूस ठेवा

हा माणूस घरी झोपणारा नको, फोन उचलणारा हवा. त्याला लिहून द्या: बोटीचा रंग आणि नोंदणी क्रमांक, माणसं किती, निघण्याची वेळ, मार्ग, पोचण्याची वेळ. आणि मुख्य म्हणजे काय करायचं ते: "दहापर्यंत आमचा फोन आला नाही तर तू फोन कर. अकरापर्यंत लागला नाही तर 1554 ला कळव." 1554 हा तटरक्षक दलाचा समुद्रातल्या बचावासाठीचा क्रमांक, 1093 किनारी पोलिसांचा. वाट पाहून पाहून संध्याकाळी फोन करणारा माणूस उपयोगाचा नाही, कारण शोध उजेडातच नीट होतो.

7. निघण्याची सकाळ

अंधारात बोट लावा, सामान भरा, पण बार उजेडातच ओलांडा. इंजिन चालू करून दहा मिनिटं तसंच ठेवा, थंड पाण्याची धार नीट पडते ना पाहा.

मग मुखाजवळ, पण आतल्या शांत पाण्यात थांबून किमान पंधरा मिनिटं बारकडे नुसतं पाहा. हा वेळ वाया गेला असं बोटीतल्या पाहुण्यांना हमखास वाटतं. लाटा टोळीने येतात: बराच वेळ लहान लहान, मग एकामागून एक तीन-चार-पाच मोठ्या, मग पुन्हा उसंत. पाच मिनिटं पाहणाऱ्याला फक्त उसंत दिसते आणि तो आत शिरतो. पांढरं कुठे फुटतंय, कुठे फुटत नाही, स्थानिक बोट कुठून गेली, हे पाहून झाल्यावर मोठी टोळी जाऊ द्या आणि मागोमाग निघा.

बारमध्ये शिरलात की नाळ लाटेकडे, वेग मध्यम. लाटेवर चढताना थोडं इंजिन द्या, माथ्यावर कमी करा, नाहीतर पलीकडे बोट धाडकन आपटते. माणसं खाली, बोटीच्या मधोमध बसलेली. आणि अर्ध्यात मन बदललं म्हणून आडवं वळायचं नाही. बोट उलटते ती आडवी असतानाच. वळायचंच असेल तर उसंतीत, सपाट पाण्यावर, झटकन.

8. टोक वळताना

दुरून काब द राम किल्ल्याची तटबंदी कड्याच्या माथ्यावर काळसर रेघेसारखी दिसते. हा किल्ला 1763 मध्ये सौंद्याच्या राजाकडून पोर्तुगिजांकडे गेला. वर गाडीने जाऊन समुद्र पाहता येतो, आणि पहिल्या प्रवासाच्या आधी एका दुपारी तिथे जाच. तीनच्या सुमारास तटावर उभं राहून खाली पाहिलं की परतीच्या वेळी काय वाढून ठेवलेलं असतं ते स्वच्छ दिसतं. माझ्या सांगण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

टोकाजवळ पाणी वेगळं का वागतं? उथळ पाण्यात लाट मंदावते आणि वळते, त्यामुळे आजूबाजूच्या लाटांचा जोर टोकाकडे गोळा होतो. ती कड्यावर आपटून उलटी समुद्राकडे येते. आलेली आणि परतलेली लाट एकमेकींत मिसळली की पाणी जागच्या जागी वर-खाली उसळतं, त्याला दिशाच राहत नाही. त्यात वारा टोकाला वळसा घालताना वेग घेतो, किनाऱ्याने चाललेला प्रवाहही तिथे जरा घट्ट होतो. कड्यापासून दूर गेलं की परतलेली लाट विरते. एक मैल अंतर ठेवायचं ते यासाठी. फोटोसाठी "जरा जवळ घे" म्हणणारा एक जण प्रत्येक बोटीत असतो. त्याला आदल्या दिवशीच किल्ल्यावर घेऊन जा.

वेग कमी करा, सुकाणू घट्ट पण अंग सैल. पाण्यावर फेसाच्या लांब रेघा आणि मध्येच गढूळ पट्टा दिसला तर तिथे दोन प्रवाह भेटत आहेत; त्याच्या बाहेरून जा. आणि टोक संपलं असं लवकर ठरवू नका. एक सुळका मागे पडला की त्याच्यामागचा पुढे येतो, आणि डावीकडे वळण्याची घाई झालेली बोट सरळ खडपाच्या दिशेने जाते. आगोंदची पुळण पूर्ण उघडी दिसेपर्यंत आणि जीपीएस हो म्हणेपर्यंत सुकाणू डावीकडे वळवू नका.

वळल्यावर पाणी एकदम मवाळ होतं. इथे लोक जॅकेट काढतात. काढू नका, पलीकडे खोऱ्यांच्या तोंडाशी मतलईचे झोत अचानक येतात.

या पट्ट्यात इंजिन बंद पडलं तर क्रम असा: सगळ्यांची जॅकेटं तपासा, नांगर टाका, मग इंजिनाकडे पाहा. आधी इंजिनाचं झाकण उघडून बसायचं नाही. नांगर धरत नसेल आणि खडक जवळ येत असेल तर चॅनेल 16 वर तीनदा "मेडे", बोटीचं नाव, जागा, काय झालं, माणसं किती. जागा सांगताना आकडे जमत नसतील तर "काब द रामच्या दक्षिणेला दोन मैल" असं सांगितलं तरी चालतं.

9. पाळोळ्याला लागताना

पाळोळ्याची खाडी अर्धगोल आहे आणि उत्तर टोकाला काणकोणचं बेट आडोसा देतं. बेट आणि किनारा यांच्यामधली वाट जवळची दिसते. ती खडकांची आहे, ओहोटीला लोक तिथून चालत जातात. बेटाला बाहेरून वळसा घालून खाडीत या. पोहणाऱ्यांपासून लांब, अगदी सावकाश, आणि किनाऱ्यावरच्या बोटवाल्यांना विचारून जागा घ्या. ते सांगतील तिथेच नांगर टाका. त्यांच्या फेऱ्यांची वाट अडवली तर बोलणं ऐकावं लागेल, आणि ते योग्यच असेल.

तळपणच्या नदीत जाऊन बोट बांधायचा मोह होतो, पण तिथेही मुखाशी बार आहे, आणि तो तुमच्या ओळखीचा नाही. पुढे पोळ्याच्या पलीकडे कर्नाटक लागतं. अंजदीव बेट आणि कारवारचा परिसर नौदलाचा आहे, तिकडे हौसेने जायचं नाही.

10. परतीचे तीन पर्याय

पहिला, आणि मला सर्वांत पटणारा: पाळोळ्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडताच निघून नऊच्या आत टोक ओलांडायचं. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे एकादशीला निघालात तर द्वादशीला बेतूलच्या बारवर नऊच्या सुमारास पाणी अजून भरलेलं मिळतं. ही सोय आखूनच घ्यायची. आत येताना बारवर लाट मागून असते, आणि ते बाहेर पडण्यापेक्षा अवघड. एका लाटेच्या पाठीवर बसा आणि तिच्याच वेगाने आत या. तिला ओलांडून पुढे उतरलात तर नाळ खाली घुसते आणि बोट आडवी फिरते. मागची लाट गाठू लागली तर किंचित वेग वाढवा.

दुसरा: मुक्काम जमत नसेल तर बोट ओळखीच्या बोटवाल्याकडे सोपवा, काणकोणच्या चावडीवरून मडगावची बस पकडा आणि जमेल त्या पहाटे येऊन बोट न्या. यात काही कमीपणा नाही. बसला फार तर दीड-दोन तास लागतात.

तिसरा: त्याच सकाळी उलट. साडेसातला बार ओलांडला, टोकाला वळसा घालून आगोंदसमोर पोचलात, पाण्यातच चहा घेतला आणि नऊला परत फिरलात. साडेदहापर्यंत बार गाठता येतो. सुकती सुरू झालेली असेल, म्हणून हे फक्त भांगाच्या दिवशी आणि लाट अगदीच लहान असेल तेव्हा. पाळोळ्याचं जेवण यात बसत नाही.

दुपारी तीनला पाळोळ्याहून निघणं हा चौथा पर्याय लोक स्वतःच शोधून काढतात, बहुतेक वेळा "उद्या ऑफिस आहे" या कारणाने. आदल्या शुक्रवारीच सोमवारची रजा टाकून ठेवा.

आणि पोचलात की, कुठेही पोचलात तरी, नांगर टाकल्यावर पहिला फोन किनाऱ्यावरच्या त्या माणसाला. तो अकराला 1554 फिरवायला बसलेला असतो.